खाऊच्या ताटलीतून गणित-विज्ञान: मुलं खरंच शिकतात का?

रानजाई
मुलगी तिसरीत आहे. अपूर्णांक सुरू झालेत. वहीत १/३ मोठा की १/४, असं विचारलं की बेधडक १/४ लिहिते, कारण तिच्या लेखी चार तीनापेक्षा मोठे. तेच सफरचंद कापून विचारलं की क्षणात बरोबर उत्तर देते. वही उघडली की गाडी पुन्हा मूळ पदावर.

फळं, भाज्या, कडधान्यं, दूध-दही अशा रोजच्या पौष्टिक गोष्टींमधून गणित आणि विज्ञान शिकवायची कल्पना मला मनापासून आवडते. एक तर हात लावता येतो, वास घेता येतो, चव घेता येते. दुसरं म्हणजे भाज्यांशी मुलीची जरा ओळख वाढेल अशी आशा आहे. पण ताटलीत कळलेलं वहीत का उतरत नाही? आणि नुसती मजा होऊन शिकणं बाजूला राहत नाही ना? ज्यांनी घरी किंवा वर्गात असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा. नुसती प्रयोगांची यादी नको, त्यातून मूल नेमकं काय शिकलं तेही सांगा.

खडूफळा
रानजाईताई, मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. तुम्ही सांगताय ते वर्गात सर्रास दिसतं. सफरचंदाची फोड बघून मूल 'ही मोठी दिसते' एवढंच सांगत असतं. त्या फोडीचा आणि वहीतल्या १/३ या खुणेचा संबंध त्याच्या डोक्यात अजून जुळलेला नसतो.

दोन गोष्टी बदलून बघा. पहिली, सफरचंद सोडा. गोल फळाचे तीन सारखे भाग मोठ्यांनाही धड करता येत नाहीत. त्याऐवजी काकडीच्या किंवा गाजराच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या घ्या. एकीचे तीन सारखे भाग, दुसरीचे चार. कापायचं काम मुलीकडेच द्या, बोथट सुरी आणि तुम्ही शेजारी. कापण्याआधी विचारा, 'कुठल्या पट्टीचा तुकडा मोठा निघेल? का?' तिचं उत्तर चुकलं तरी सुधारू नका, कापू द्या.

दुसरी, आणि माझ्या मते महत्त्वाची. ताटलीवरून थेट आकड्यांवर उडी मारू नका. मध्ये चित्र हवं. पट्ट्या कागदावर ठेवून पेन्सिलने भोवती रेघ मारायची, जिथे कापलं तिथे रेषा ओढायची, मग प्रत्येक भागावर १/३, १/४ लिहायचं. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी शिकण्याचे हेच तीन टप्पे सांगितले होते: आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. घरी आपण पहिला आणि तिसरा करतो आणि मधला गाळतो.

चिंचोका
धागा आवडला. रुमाल टाकून ठेवतो, रात्री सवडीने लिहितो.

तिरकीरेघ
मी विरोधी सूर लावतो. गणित शिकवायला खाणं हे चांगलं साधन नाही, असं माझं ठाम मत आहे.

मुलासमोर द्राक्षं ठेवली की त्याला द्राक्षंच दिसतात, 'सात' दिसत नाहीत. ज्युडी डीलोश या मानसशास्त्रज्ञ बाईंचे याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. लहान मुलांना खोलीची छोटी प्रतिकृती दाखवायची, तीत खेळणं कुठे लपवलंय ते दाखवायचं आणि मग खऱ्या खोलीत त्याच जागी लपवलेलं मोठं खेळणं शोधायला सांगायचं. प्रतिकृती काचेमागे ठेवली तेव्हा मुलांना हे जास्त जमलं. आधी खेळायला हातात दिली तेव्हा उलट कमी जमलं. एखादी वस्तू जितकी लोभस, तितकं तिच्याकडे 'कशाची तरी खूण' म्हणून बघणं मुलाला अवघड जातं. खाऊपेक्षा लोभस काय असणार? मोजायला साधी बटणं किंवा ठोकळे बरे.

शिवाय 'उदाहरण सोडव, मग संत्रं मिळेल' हा प्रकार सुरू झाला की गणितही शिक्षा आणि फळही लाच. दोन्हींचा बट्ट्याबोळ.

काजळमाया
मुद्दा पटला, पण हसूही आलं. माझ्या पाच वर्षांच्या लेकाला विचारलं, 'ताटात पाच स्ट्रॉबेऱ्या, दोन खाल्ल्या, किती राहिल्या?' म्हणाला, 'पाचच. तीन ताटात, दोन पोटात.' आता याला चूक कसं म्हणू?

निवांतकाका
काजळमाया, चूक म्हणूच नका. तुमच्या लेकाने वस्तुमान अक्षय्यतेचा नियम सांगितलाय. हातात सफरचंद धरून वजनकाट्यावर उभं करा, आकडा लिहा. तिथेच सफरचंद खाऊ द्या, देठ आणि गाभा हातातच ठेवून पुन्हा उभं करा. आकडा तोच. सफरचंद दिसेनासं झालं म्हणून वजन कुठे जात नाही. मुलं अक्षरशः वाकून पोटाकडे बघतात.

तिरकीरेघ यांचं म्हणणं मोजणीपुरतं मान्य. दहापर्यंत मोजायला बटणं पुरेत. पण काही गोष्टी बटणांनी शिकवताच येत नाहीत. एक सांगतो.

संत्रं घ्या, शक्य तितकं गोल. मधोमध आडवं कापा. अर्धं संत्रं कागदावर पालथं ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, असे पाच-सहा गोल काढून ठेवा. आता दोन्ही अर्ध्यांची साल सोला, नखाएवढे बारीक तुकडे करा आणि एकेक गोल सालीने भरायला घ्या. तुकडे एकमेकांवर चढवायचे नाहीत, मध्ये फटी ठेवायच्या नाहीत. पहिला गोल भरतो, दुसरा भरतो, तिसरा भरतो, आणि चौथा भरता भरता साल संपते. मोठं संत्रं घ्या, छोटं घ्या, साल चार गोलांच्या आसपासच संपते.

चेंडूसारख्या गोलाचं पृष्ठफळ म्हणजे चार गुणिले पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग, हे सूत्र मुलं पुढे पाठ करतात. त्यातला 'चार' आला कुठून, हे किती जणांना सांगता येतं? सालीचे तुकडे लावताना बोटांना जे कळतं ते फळ्यावर कळत नाही. संत्रं अगदी अचूक गोल नसतं म्हणून थोडं कमी-जास्त होतं, आणि ते का झालं यावर मुलांशी बोलता येतं. शेवटी उरतं ते खायचंच असतं.

आहारवही
मी आहारतज्ज्ञ आहे. निवांतकाका, संत्र्याचा प्रयोग सुरेख. वजनकाट्याबद्दल मात्र विनंती आहे, मुलांचं स्वतःचं वजन खेळात आणू नका. 'खाल्लं तेवढं वजन वाढलं' हे वाक्य लहान मुलाच्या मनात भलत्याच अर्थाने रुजू शकतं. हाच नियम स्वयंपाकघरातल्या काट्यावर दाखवा. पेल्यात पाणी, शेजारी चमचाभर मीठ, दोन्हींचं मिळून वजन लिहा. मग मीठ पाण्यात विरघळवून चमचा पुन्हा काट्यावर ठेवा. मीठ दिसत नाही, वजन तेवढंच. चव घेतली की मीठ तिथेच आहे याचा पुरावाही मिळतो.

निवांतकाका
पटलं. मीठ-पाण्याचाच प्रयोग सांगत जाईन.

प्रयोगवही
विज्ञानाकडे वळू. आमच्या घरी सर्वांत जास्त दिवस पुरलेली गोष्ट म्हणजे जांभळा कोबी. पानं बारीक चिरून गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायची, गाळायची. गडद जांभळं पाणी मिळतं. ते पाच-सहा छोट्या काचेच्या पेल्यांत वाटून घ्या. एका पेल्यात लिंबू पिळलं की गुलाबी-लाल. दुसऱ्यात व्हिनेगर, पुन्हा लाल. तिसऱ्यात खाण्याचा सोडा, निळा-हिरवा. चौथ्यात साबणाचं पाणी. एक पेला तसाच ठेवायचा, नाहीतर रंग किती बदलला हे कशाशी ताडून बघणार?

रंगाला कारण अँथोसायनिन नावाचं द्रव्य. आम्लात त्याची रचना वेगळी, अल्कलीत वेगळी, म्हणून रंगही वेगळा. पण हे नाव शेवटी सांगा. आधी मुलाला विचारा, 'ताकाचा रंग काय येईल? दुधाचा?' अंदाज लिहायचा, मग थेंब टाकायचा. खरी गंमत पुढे आहे. निळ्या-हिरव्या पेल्यात लिंबू थेंबाथेंबाने टाकत जा. फसफसतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि रंग हळूहळू पुन्हा जांभळ्याकडे येतो. किती थेंबांनी आला ते मोजायला लावा. अर्धा चमचा सोड्याला इतके थेंब, तर एक चमच्याला किती? इथे गुणोत्तर आपसूक येतं.

उरलेला कोबी कोशिंबिरीत. त्यावर लिंबू पिळलं की ताटातच रंग उजळतो आणि तो का उजळला हे मुलाला ठाऊक असतं. माझ्या मुलाने कोबीला पहिल्यांदा आपणहून हात लावला तो असा.

पानगळ
प्रयोगवही, +१. कोबीची वाचनखूण साठवली आहे.

तिरकीरेघ
कोबी आणि साल, दोन्ही मान्य. इथे खाणं कशाची खूण म्हणून आलेलं नाही, ते स्वतःच अभ्यासाचा विषय आहे. माझा आक्षेप खाण्याला नुसते मणी म्हणून वापरण्याला होता.

दुसरा आक्षेप अजून उभा आहे: नासाडी. डाळी-तांदूळ कागदावर चिकटवून आकडे तयार करणं वगैरे बघितलं की जीव तुटतो. एकीकडे अन्न वाया घालवू नको म्हणायचं आणि दुसरीकडे ते गोंदात बुडवायचं.

खडूफळा
यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. वर्गात मी दोन ट्रे ठेवते. एका ट्रेमधलं धुतलेलं, चिरलेलं, शेवटी सगळ्यांनी वाटून खायचं. दुसऱ्यात सालं, देठं, बिया आणि प्रयोगासाठी वेगळं काढलेलं, जे खायचं नाही. गोंद, रंग, आयोडीन, धातू यांचा स्पर्श झालेली कुठलीही गोष्ट दुसऱ्या ट्रेमध्ये. ट्रेचे रंगही वेगळे. कुठल्या ट्रेमध्ये काय जाईल हे मुलांनीच ठरवायचं आणि कारण सांगायचं.

आहारवही
खडूफळाताईंच्या दोन ट्रेंना जोरदार अनुमोदन. सुरक्षिततेचं एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षं, अख्खे दाणे, कच्च्या गाजराचे जाड तुकडे, मक्याच्या लाह्या देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करून द्या. वर्गात करणार असाल तर दाणे, दूध, अंडी, तीळ यांची ॲलर्जी कोणाला आहे हे आधी पालकांना विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाखवूही नका. भिजवलेला राजमा मुलं कच्चा तोंडात टाकतात, तो मात्र विषारी ठरतो. भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय आणि मऊ शिजल्याशिवाय खायचा नाही.

आता 'पौष्टिक' या शब्दाबद्दल. प्रयोग करताना 'हे खा, हे चांगलं असतं' म्हणू नका. नवी भाजी आवडण्याआधी मुलांना ती अनेकदा बघावी, हाताळावी, चाखावी लागते, आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही जास्त. सोलणं, हुंगणं, मोजणं हीसुद्धा ओळखच. त्यात आग्रह शिरला की मूल मागे सरतं. रानजाई, तुमची आशा रास्त आहे. फक्त ती मुलीसमोर बोलून दाखवू नका.

मोठ्या मुलांसाठी एक उदाहरण देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मुलांसाठी फळं-भाज्यांचं रोजचं किमान प्रमाण सांगितलं: २ ते ५ वर्षं २५० ग्रॅम, ६ ते ९ वर्षं ३५० ग्रॅम, १० वर्षांपासून पुढे ४०० ग्रॅम. बटाटा यात धरत नाहीत. घरात समजा एक जण ७ वर्षांचा, एक १२ वर्षांचा आणि दोघं मोठे. तर घराला दिवसाला किती लागेल? आठवड्याला किती किलो? पिशवीत आणलं किती? बेरीज, गुणाकार, ग्रॅमचे किलो, सगळं येतं आणि हिशोब घराचा असतो, एकट्या मुलाच्या ताटाचा नाही. दिवसाला १५५० ग्रॅम, आठवड्याला १० किलो ८५० ग्रॅम. बहुतेक घरांत हा आकडा बघून मोठ्यांचेच डोळे विस्फारतात.

काजळमाया
दहा किलो! आमची पिशवी निम्म्यावरच संपते.

चिंचोका
रुमाल उचलतो. मला प्रयोगांपेक्षा प्रयोग करायची शिस्त शिकवायला खाणं फार उपयोगी वाटतं. त्यासाठी मुलांना एक खरी गोष्ट सांगतो.

१७४७ साली जेम्स लिंड नावाचा जहाजावरचा डॉक्टर होता. खलाशांना स्कर्व्ही व्हायचा: हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, माणसं मरायची. लिंडने बारा आजारी खलाशी निवडले, आजार साधारण सारखाच. सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, मूळ जेवण एकच. मग दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला एकेक वेगळी गोष्ट दिली. कोणाला सफरचंदाची मदिरा, कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचं पाणी, एका जोडीला संत्री आणि लिंबं. फळं सहाच दिवसांत संपली, पण त्या जोडीतला एक जण तोवर कामावर जाण्याइतका बरा झाला होता. क जीवनसत्त्व हे नाव यायला पुढे पावणेदोनशे वर्षं लागली. कारण माहीत नसतानाही उत्तर मिळालं, कारण तुलना नीट केली होती.

गोष्ट इथे थांबवून मुलांना विचारायचं, 'त्याने सगळ्यांचं मूळ जेवण सारखं का ठेवलं?' दहा वर्षांचं मूल हे सांगू शकतं.

मग सफरचंदाच्या फोडी. चिरल्यावर तपकिरी होतात, कारण पेशी फुटल्या की त्यातलं विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने रंग तयार करतं. चार फोडी: एकीला लिंबाचा रस, एक पाण्यात बुडवून काढलेली, एक मिठाच्या पाण्यात बुडवून काढलेली, एक तशीच. मुलं पहिल्यांदा हमखास एक फोड जाड कापतात, एक उन्हात ठेवतात, एक तासभर उशिरा चिरतात. करू द्या. मग विचारा, 'आता ही काळी पडली ती लिंबू नाही म्हणून की ऊन होतं म्हणून?' उत्तर देता येत नाही हे लक्षात आलं की मूल स्वतःच म्हणतं, पुन्हा करू, सगळ्या एकदम कापू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे वाक्य मी कधी सांगत नाही. ते मुलांच्या तोंडून येतं.

पाटीवाला
लिंबाची वीज कोणी केली का? मुलाच्या डोक्यात तेच आहे. लिंबातून दिवा लागतो म्हणे.

प्रयोगवही
पाटीवाला, लागतो, पण छोटा एलईडी, आणि एका लिंबाने नाही. जस्त चढवलेला खिळा आणि तांब्याची तार एका लिंबात खोचली की साधारण एक व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. तीन-चार लिंबं एकापुढे एक जोडली तर लाल एलईडी मंद पेटतो.

मुलाला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. वीज लिंबात साठलेली नसते. ऊर्जा येते जस्त झिजण्यातून, लिंबाचा रस फक्त वाट करून देतो. बटाटा वापरला तरी चालतं. आणि त्या लिंबात जस्त उतरलेलं असतं, ते खायचं नाही. खडूफळाताईंचा दुसरा ट्रे.

पानगळ
अवांतर: टोमॅटो फळ की भाजी, यावर आमच्याकडे दोन दिवस वाद चाललाय.

चिंचोका
वनस्पतिशास्त्रात फळ, स्वयंपाकघरात भाजी. काकडी, भोपळा, वांगं, मिरची, सगळी तशीच. अवांतर नाही हे, उत्तम गणित आहे. दोरीची दोन वर्तुळं एकमेकांवर चढवा. एकात 'बिया असलेलं', दुसऱ्यात 'आपण शिजवून खातो ते'. टोमॅटो मधल्या भागात. पालक फक्त दुसऱ्यात. सफरचंद कुठे ठेवायचं यावर घरात नवा वाद होईल, होऊ द्या. केळ्यातले ते बारीक काळे ठिपके बिया आहेत का, हा प्रश्न येईलच. आपण खातो त्या केळ्यात त्या बियांच्या खुणा असतात, वाढ न झालेल्या.

गोलगरगर
निसर्गातलं गणित राहिलं की! अननसावरचे खवले तिरक्या ओळींत मोजा, ८, १३, २१ अशा ओळी मिळतात. सगळ्या निसर्गात हीच फिबोनाची मालिका (आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या) भरलेली आहे.

तिरकीरेघ
अननसाचं खरं, 'सगळ्या निसर्गात' हे खरं नाही. वनस्पतींमध्ये ही मालिका पुष्कळदा दिसते, कारण नवा कोंब आधीच्या कोंबांना टाळून मोकळी जागा धरतो. पण संत्र्याच्या फोडी मोजा, बहुतेक वेळा दहाच्या आसपास असतात, नऊ निघतात, अकरा निघतात. सफरचंद आडवं कापलं की पाच कप्प्यांचा तारा दिसतो, पण चार किंवा सहा पाकळ्यांची फुलंही पुष्कळ असतात. मुलांना आधी उत्तर सांगून मग मोजायला लावलं तर ती तेच मोजतात. त्यापेक्षा घरात आलेल्या प्रत्येक संत्र्याच्या फोडी मोजून भिंतीवरच्या कागदावर एकेक चौकोन रंगवा. महिन्याभरात स्तंभालेख तयार होतो. सर्वांत उंच स्तंभ कुठला, ते मुलांना स्वतः बघू द्या.

रानजाई
तिरकीरेघदादा, तुम्ही विरोध करता करता इतकी छान कल्पना दिलीत! कागद आजच लावते.

मोठीवही
मोठ्या मुलांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा आठवीत आहे, त्याला कोबीचे रंग आता 'बाळांचे' वाटतात. त्याला बटाट्याने पकडलं.

एक सेंटिमीटर, दोन सेंटिमीटर आणि चार सेंटिमीटर बाजूचे घन कापायचे. आधी कागदावर: पृष्ठफळ ६, २४, ९६ चौरस सेंटिमीटर. घनफळ १, ८, ६४ घन सेंटिमीटर. भागाकार केला की ६, ३, दीड. म्हणजे घन मोठा होतो तसं आतल्या मालाच्या मानाने बाहेरचं अंग कमी होत जातं. आता तिन्ही एकाच उकळत्या पाण्यात टाका आणि दर दोन मिनिटांनी काटा टोचून बघा, कोण आधी शिजतं. भाजी बारीक चिरली की लवकर का शिजते, इथून सुरुवात झाली. मग त्यानेच विचारलं की बाळांना थंडी लवकर का वाजते. तोच भागाकार. रात्री जेवताना पेशी इतक्या लहान का असतात यावर आम्ही बोलत होतो, आणि अभ्यासाचं नावही कोणी काढलं नव्हतं.

शेकडेवारीसाठी सफरचंदाच्या पातळ चकत्या. १०० ग्रॅम तोलून घ्यायच्या आणि पूर्ण वाळेपर्यंत रोज वजन लिहायचं. शेवटी काट्यावर पंधरा-वीस ग्रॅम उरतात. सफरचंदात ८५ टक्के पाणी, काकडीत ९५ टक्के, हे वाचून कळतं आणि असं बघितलं की पटतं. उलट दिशेने मूग. कोरडे तोलून रात्रभर भिजवा, वजन दुपटीच्या आसपास जातं.

काजळमाया
आणि तरंगणं-बुडणं कोणी लिहिलं नाही? सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं बुडतं. हलकं केलं तर बुडलं, असं म्हणून माझा लेक ओरडत घरभर पळाला.

निवांतकाका
सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात हवेच्या पोकळ्या असतात. साल काढली की वजन थोडं कमी होतं, पण आकारमानाच्या मानाने हवा जास्त जाते. सफरचंदाच्या आकारमानाचा सुमारे चौथा हिस्सा हवाच असते, म्हणून ते पाण्यावर डुलतं. लेकाला भलं मोठं भोपळ्याचं फळ आणि एक द्राक्ष द्या आणि आधी विचारा. भोपळा तरंगतो, द्राक्ष बुडतं. 'जड ते बुडतं' ही समजूत तिथेच हलते.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. खडूफळाताईंनी सांगितलं तसं केलं. काकडीच्या पट्ट्या, भोवती रेघा, मग आकडे. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिने पट्टी न घेताच कागदावर दोन लांब चौकोन काढले आणि भाग पाडले. मी मुद्दाम १/५ आणि १/६ विचारलं, जे कधी कापलं नव्हतं. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'जास्त जणांत वाटलं तर कमी मिळतं, म्हणून पाचवाला मोठा.' वहीत आता बरोबर येतंय.

पण आज नवं निघालं. २/३ मोठा की ३/४, यावर पुन्हा अडली. काकडीवरही फरक डोळ्यांना नीट दिसत नाही.

खडूफळा
वा, रानजाईताई! 'जास्त जणांत वाटलं तर कमी' हे तिचं स्वतःचं वाक्य आहे, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.

२/३ आणि ३/४ साठी खाल्लेलं बघू नका, उरलेलं बघायला सांगा. तीन भागांतले दोन खाल्ले, एक उरला. चारांतले तीन खाल्ले, एक उरला. उरलेल्यांतला लहान कोणता? हे तिला आता येतं. जिथे कमी उरलं तिथे जास्त खाल्लं गेलं.

तिरकीरेघ
आणि ते जमलं की कागदावर शून्य ते एक अशी एकच लांब रेघ ओढून पट्ट्या तिच्याखाली ठेवा. १/४, १/३, २/३, ३/४ चारही खुणा एकाच रेघेवर करू द्या. पट्ट्यांची लांबी बारा सेंटिमीटर घ्या, तीन आणि चार दोन्हींनी भाग जातो, त्यामुळे खुणा मोजपट्टीवर बरोबर ३, ४, ८ आणि ९ वर येतात. मग २/३ आणि ३/४ मध्ये एक सेंटिमीटरचाच फरक का, हे ती स्वतः मोजून सांगेल. बाराव्या भागापर्यंत पोचली की समच्छेदाला फार वेळ लागणार नाही.

रानजाई
बारा सेंटिमीटरची सरळ काकडी शोधायला घेते. नाही मिळाली तर गाजर.